बक्कलाची मागची बाजू

शिशाचा आवाज गोड असतो. लोखंडाचा घोगरा, घसा बसल्यासारखा. कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याचा चिरका, उगाच आशा लावणारा. आणि पितळेचा भरदार, शाळेच्या टोल्यासारखा, एकदा वाजला की माणूस जागेवर थांबतो. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. कानाला हेडफोन लावून, हातात धातू हुडकणारं लांब दांड्याचं मशीन घेऊन व्हर्जिनियातल्या एका म्हातारीच्या शेतात मी दोन हिवाळे फिरलो, जमिनीच्या पोटातलं ऐकत. त्या शेताच्या कुंपणापलीकडे जुनं रणांगण होतं. ह्या देशातले लोक एकदा आपसातच लढले, गुलामी ठेवायची की मोडायची ह्यावरून, त्या लढाईतलं. आज माझा डावा कान गेला आहे. मुलाकडे, नेपरव्हिल गावच्या ह्या घरात सून जेवायला हाक मारते ती ऐकू येत नाही, म्हणून नात जिना चढून येते आणि खांद्याला हात लावते. पण ते आवाज काही गेलेले नाहीत. बर्फ पडून बाहेर सगळं गप्प झालं की जास्तच येतात.

तेव्हा आम्ही घरात तिघं होतो, आई, मावशी आणि मी. मावशी नर्स. ती आमच्या आधी ह्या देशात आली होती, हॉस्पिटलनं बोलावून घेतलेली. माझा बाप वारल्यावर तिनंच कागद करून आम्हा दोघांना आणलं. बाप भंडाऱ्याला पितळेच्या कारखान्यात भट्टीवर होता, छातीत धूर बसून गेला. भांडं मठारायची, म्हणजे बारीक ठोके मारून त्याला आकार आणि झळाळी द्यायची, त्याची हातोडी आईनं लुगड्यात गुंडाळून ट्रंकेतून आणली. सोबत चिंचेचा एक मोठा काळा गोळा आणला. बाकी आमच्याकडे आणण्यासारखं काही नव्हतं. कपडे धुवायच्या दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या होत्या. खाली दिवसभर ड्रायर फिरायचे, पँटींच्या चेनी आतल्या पत्र्यावर आपटून टिकटिक वाजायच्या, आणि आमची फरशी कोमट असायची. थंडीत आई त्या फरशीला पाठ लावून पडायची नि म्हणायची, "खाली भट्टी पेटली आहे म्हणून मले इथं करमते बाप्पा." ज्वारी मिळायची नाही, मक्याचं पिवळं जाडं पीठ मिळायचं. पहिला महिनाभर आईच्या भाकरी फुटल्या. मग ती गरम पाण्यात उकड काढून थापायला लागली, तेव्हा कुठे जमलं. वांगं जाळावर भाजलं की छताची धुराची घंटी बोंबलायची, आणि मावशी स्टुलावर चढून तिला टॉवेलनं वारा घालायची. "अगं बाई, गप की! भरीत आहे, आग नाही!"

भिंतीवर निळ्या कोटातल्या साहेबांचा फोटो होता, हातात पुस्तक धरलेला. मावशी रात्रीची ड्युटी संपवून सकाळी आली, चहा घेतला, की तिकडे बोट दाखवून मला म्हणायची, "त्यांच्या हातात काय आहे ते दिसतं का तुला? हातोडी नाही ती." मी ताट उचलून खिडकीशी जाऊन बसायचो. मी शाळा सोडली होती. तिकडे कशीबशी चौथी झालेली. इथे, इंग्रजी येत नाही म्हणून, मला मिसरूड फुटलेल्या पोराला लहान मुलांच्या रांगेत बसवलं, सफरचंदाच्या चित्रात रंग भरायला. शेजारचं पोरगं माझ्या गुडघ्यांकडे बघून हसायचं, कारण ते टेबलाखाली मावत नव्हते. पाच आठवडे काढले. एक दिवस वही तिथेच ठेवून आलो आणि परत गेलो नाही. मावशी रडली, आईनं हात जोडले, मी नाही म्हणजे नाही. मी असाच आहे, पाठ फिरवली की फिरवली. इंग्रजी बोलायला मी कानानंच शिकलो, आणि लवकर शिकलो. वाचायचं आलं की मात्र सोंग करायचो. "चष्मा घरी राहिला." मला चष्मा नव्हताच.

काम मिळालं ते डेलच्या दुकानात. डेल पन्नाशीचा गोरा माणूस, गालात कायम तंबाखू. तो गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करायचा. तेव्हाचे रेडिएटर पितळेचे असत, गळती शोधायची आणि वितळल्या कथलाचा डाख लावून बुजवायची. पहिल्याच दिवशी माझा डाख बघून त्यानं तंबाखू थुंकली आणि विचारलं, "कुठे शिकलास?" मी म्हटलं, बापाकडे. त्यानंतर त्यानं मला काही शिकवायचा प्रयत्न केला नाही, फक्त मशीन शिकवलं. रविवारी लोक चर्चला जायचे, डेल शेतात जायचा. मशीनच्या टोकाची थाळी जमिनीपासून चार बोटं वर, गवत कापणाऱ्या विळ्यासारखी फिरवायची, घाई करायची नाही. कुंपणापलीकडचं रणांगण सरकारी, तिथे मशीन नेलंस तर तुरुंग. कुंपणाच्या आत मालकाची परवानगी असली तरच. गवताची चौकोनी लादी कापायची, झाकणासारखी उलटायची, काढायचं ते काढून पुन्हा बसवायची, तिथे कुणी खणलं होतं असं दिसता कामा नये. आम्हाला सापडायच्या त्या बहुतेक शिशाच्या गोळ्या, अंगठ्याच्या पेराएवढ्या, बुडाशी तीन वळी, वरून चुना फासल्यासारख्या पांढऱ्या. "चेपलेली असेल ती झाडलेली," डेल म्हणायचा. "सरळ असेल ती हातातून पडलेली. बिचाऱ्याचे हात कापत असणार." त्या शेतात सरळ गोळ्या फार होत्या.

शेत मिस ओडेसाचं. ऐंशीच्या पुढची काळी बाई, उंच, पायात पुरुषी बूट. पहिल्या दिवशी ती ओट्यावर उभी होती आणि आम्ही खाली.

"डेलला मी ओळखते," ती म्हणाली. "तू कुठला?"

"इंडिया, मॅम."

"वाचता येतं?"

डेल माझ्या शेजारीच उभा होता. मी म्हटलं, "येतं."

"मग नीट ऐक. गोळ्या, बटणं, नाल, काय हवं ते न्या. पण ज्याच्यावर अक्षर असेल ते आधी माझ्या हातात द्यायचं आणि वाचून दाखवायचं. माझ्या डोळ्यांना आता ताटातलं दिसत नाही."

डेल मशीन आणायला ट्रककडे गेला तेव्हा तिनं कारण सांगितलं. तिच्या आईचा बाप गुलाम म्हणून जन्मला होता. पळून जाऊन फौजेत भरती झाला, छावणीत एका सार्जंटनं त्याला अक्षरं शिकवली. त्यांच्या घराण्यात स्वतःचं नाव लिहिणारा तो पहिला. आणि ह्याच रानात तो पडला. पलीकडे सैनिकांची दफनभूमी आहे, तिथल्या किती दगडांवर नाव नाही, नुसते आकडे आहेत. "तो त्यातला एखादा आकडा असेल," ती म्हणाली, "नाहीतर माझ्या मक्याखाली असेल. ही पाणथळ जमीन कुणी घेत नव्हतं, माझ्या आईनं हट्टानं घेतली. जिथे पडला तिथे निदान आपली माणसं राहतील म्हणाली. त्याच्या हातचं नाव मिळालं तर मी त्याला दगड करीन. मी गेले की विचारणारं कुणी उरत नाही."

"नाव काय होतं त्याचं?" मी विचारलं.

"ते सांगणार नाही. एकाला सांगितलं होतं, तो महिन्याभरात एक चमचा घेऊन आला, त्यावर तेच नाव ताजं कोरलेलं. ज्याला सापडेल त्यानं मला नाव सांगायचं."

मला ती बाई आवडली. माझ्यासारखीच हट्टी. रविवारी निघताना ती मला मक्याचा ब्रेड कागदात बांधून द्यायची. आईनं पहिल्यांदा तो हुंगून पाहिला, तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "ही त आपली भाकरच आहे रे, फक्त फुगवली." पुढच्या रविवारी आईनं डब्यात भरीत दिलं. मिस ओडेसानं बोटानं चाटलं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि डबा ठेवून घेतला. मग आई स्वतःच माझ्यासोबत यायला लागली. दोघींना एकमेकींचा शब्द कळायचा नाही. ओट्यावर बसून शेंगा सोलायच्या, एक आपल्या भाषेत बोलायची, दुसरी आपल्या. त्या घरात माझी किंमत होती. रेडिएटरच्या दुकानात मी डेलचा कामगार होतो, घरात शाळा सोडलेला पोट्टा होतो. तिथे मात्र ओट्यावरून विचारणा व्हायची, "आज काय मिळालं, मिस्टर?" ह्या बाईला ते नाव मीच शोधून देणार असं मनात धरून बसलो. वाचता येत नाही ते नंतर बघू म्हटलं.

दुसऱ्या हिवाळ्यात डेल तापानं पडला होता, मी एकटाच गेलो. आई ओट्यावर होती. ओढ्याकडच्या उताराला पितळ वाजलं. टोल्यासारखं, स्वच्छ. ढोपराएवढं खणलं आणि हातात आलं ते फौजी पट्ट्याचं बक्कल, अंडाकार, तळहातात मावेल एवढं, हिरवं पडलेलं, एका बाजूला वाकलेलं. समोरच्या बाजूला दोन मोठी उठावाची अक्षरं. ती मी ओळखली, ती सगळीकडे असतात, टपालाच्या डब्यावरसुद्धा, देशाची अक्षरं. अक्षर असलेलं काहीतरी मला सापडलं होतं! उलटून बघितलं तर मागे सगळं शिसं भरलेलं. त्या शिशावर ओरखडे होते, उभे, तिरपे, कोंबडीनं उकरल्यासारखे. मी त्यावरून अंगठा फिरवला. वाटलं, नांगराचा फाळ लागला असेल.

इथे माझ्या बापाची गोष्ट सांगावी लागते, नाहीतर पुढचं कळणार नाही. भंडाऱ्याच्या बाजारात काही लबाड लोक भांड्याच्या पोकळ बुडात शिसं ओतायचे, वजन वाढावं म्हणून. बाप ते एका टिचकीत ओळखायचा. असं भांडं मोडीत आलं की तो आधी शिसं वितळवून काढायचा आणि थुंकायचा. "पितळेच्या पोटात शिसं म्हणजे खोट," म्हणायचा. मी ते ऐकत मोठा झालो. तेव्हा त्या बक्कलाच्या मागे शिसं दिसलं, आणि मला वाटलं ते एवढंच, की ह्या गरीब शिपायालाही कुणीतरी फसवलं होतं. हे मी तिच्या हातात असं हिरवं, वाकडं, खोट भरलेलं कसं देऊ? कासारकाम करणाऱ्या बापाच्या हाताखाली वाढलेला मी. आधी ते माणसात आणीन, मग देईन. त्या दिवशी मी तिला काही सापडलं म्हणून सांगितलंच नाही. बक्कल खिशात घातलं आणि आईला घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी डेल नसल्यानं दुकान माझ्याच ताब्यात होतं. बक्कल चिमट्यात धरलं, डाख लावायची जाळाची बत्ती पेटवली. शिसं आधी घामेजलं, मग लोण्यासारखं सुटलं आणि खालच्या डब्याच्या झाकणात जाऊन बत्ताशासारखं बसलं. पितळ हलकं झालं. मग बापाची हातोडी काढली आणि वाकलेली बाजू बारीक ठोक्यांनी सरळ केली, दुपारभर. तसं काम मी त्यानंतर केलं नाही. संध्याकाळी घरी आईपुढे ठेवलं. तिनं ट्रंक उघडली, चिंचेच्या गोळ्यातला उरलेला तुकडा काढला. तो तिनं आमटीलाही दिला नव्हता, वर्षभर जपला होता. "घे. म्हातारीच्या कामी येऊ दे." मीठ, चिंच, मग विटेचा भुगा, मग राख. आम्ही दोघांनी आळीपाळीनं घासलं. शेवटी त्यात स्टोव्हचा जाळ दिसायला लागला, आईचं तोंड दिसायला लागलं. आई म्हणाली, "तुझा बाप पाह्यजे होता आज." मावशीनं वर्तमानपत्रावरून बघितलं आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

रविवारी आई नवं लुगडं नेसली. मी बक्कल रुमालात गुंडाळून मिस ओडेसाच्या मांडीवर ठेवलं. तिनं रुमाल उघडला, बोटांनी कडा चाचपली. समोरची अक्षरं तिनं बघितलीही नाहीत. तिनं ते उलटं केलं आणि तिचा अंगठा मागच्या खळग्यात गेला. तिथेच राहिला.

"ह्याच्या मागे शिसं असतं," ती म्हणाली. "ते कुठे आहे?"

मला काय झालं ते मी पन्नास वेळा आठवून पाहिलं आहे. मला एकदम सगळं कळलं असं नाही. फक्त तिच्या अंगठ्यावरून नजर हटेना.

"असंच सापडलं," मी म्हणालो.

"मागे काहीच नव्हतं?"

"नाही."

"माझी आजी सांगायची, त्यानं खिळ्यानं मागच्या शिशावर नाव लिहिलं होतं. एकदा दोन तासांसाठी घरी आला तेव्हा दाखवून गेला. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही." तिनं माझ्या दिशेनं तोंड वळवलं. "ह्याच्यावर काही लिहिलेलं होतं?"

"नाही. मी नीट बघितलं. काही लिहिलेलं नव्हतं."

तिनं तो खळगा पुन्हा एकदा चाचपला. मग म्हणाली, "मग हे त्याचं नाही. दुसऱ्या कुणाचं तरी असेल. गरीब पोर." आणि तिनं ते चकचकीत बक्कल रुमालात परत गुंडाळलं, झाकल्यासारखं.

आईनं माझी बाही ओढली. "काऊन रे, आवडलं नाही का तिले?"

"आवडलं," मी म्हणालो. "फार आवडलं म्हणते."

आईनं मिस ओडेसाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि हसली. ते हसणं मला आजही बघवत नाही.

त्यानंतर मी शेतात गेलो नाही. डेलला सांगितलं, मशीननं कान दुखतो. आईला सांगितलं, थंडी फार आहे. झाकणातला शिशाचा बत्तासा मी खिशात घेऊन फिरायचो. फेकून द्यायला दोनदा पुलावर गेलो आणि दोनदा परत आणला. दुकानात जुन्या पावत्यांच्या मागे ते ओरखडे आठवून काढायचो, एक उभी रेघ, दोन तिरप्या. ते कागद एकदा माझ्या शर्टात मावशीला सापडले. ती ड्युटीवरून आलेली, पाय गरम पाण्यात सोडून बसलेली.

"हे काय?"

"काही नाही." मग मीच म्हणालो, "मला इंग्रजी अक्षरं शिकव."

मावशीनं फोटोकडे बोट दाखवलं नाही, काही विचारलंही नाही. ओल्या पायानंच उठून पेन्सिल आणली. रोज सकाळी चहाबरोबर अक्षरं. पहिलंच अक्षर तिनं काढलं, तंबूसारखं, दोन तिरप्या रेघा वर जुळलेल्या आणि मधे आडवी दांडी. माझा चहा तसाच राहिला. हे मी बघितलं होतं, त्या शिशावर. पण मग दुसऱ्या दिवशी दुसरं अक्षर शिकलो तर तेही बघितल्यासारखं वाटलं. तिसरंही. जे अक्षर शिकायचो ते त्या शिशावर दिसायचं. अडाणी होतो तोवर निदान ओरखडे जसेच्या तसे आठवत होते. शिकलो तसे तेही पुसत गेले. खरं काय बघितलं आणि नंतर काय भरलं, हे मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आजही येत नाही.

एका सकाळी मी मावशीला सगळं सांगितलं. आई खाली कपडे आणायला गेली होती. मावशी ऐकत राहिली.

"मग आता?" ती म्हणाली.

"आता काय? शिसं बोलणार आहे का?"

"शिशानं नाही बोलायचं." तिनं कप खाली ठेवला. "तुझा बाप कारखान्याच्या रजिस्टरला अंगठा द्यायचा, माहीत आहे ना? मी नर्सिंगला जायच्या आधी सुट्टीत तुमच्याकडे आले होते, तेव्हा त्याला नाव लिहायला शिकवलं. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यानं चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं स्वतःचं नाव लिहून ठेवलं. तुझ्या आईनं त्यानंतर घर किती वेळा सारवलं असेल, तेवढी वीतभर भिंत कधी सारवली नाही. तू लहान होतास. तू तिला विचार."

मी आईला विचारलं नाही. मला ती भिंत आठवली. शाळेत जायला लागल्यावरही मी तिकडे कधी नीट बघितलं नव्हतं, मला वाटायचं ते काजळीचे डाग आहेत.

माझी नात परवा म्हणाली, "आजोबा, आय कॅन फाइंड हिम, यार. तेव्हाच्या सोल्जर्सच्या लिस्ट्स ऑनलाइन आहेत. ओडेसाच्या फॅमिलीवरून नाव निघेल." मी नको म्हणालो. "बट व्हाय? यू आर सो स्टबर्न!" आहेच. ते नाव मला मशीननं दिलं होतं, हातात दिलं होतं, आणि मी ते घालवलं. आता खुर्चीत बसून फुकट मिळणारं मला नको.

तो हिवाळा सरून झाडांना पालवी यायला लागली तेव्हा शेतावर गेलो. एकटाच निघालो होतो, पण आई पायऱ्यांवर चप्पल घालून उभी. मिस ओडेसा ओट्यावर वाटाणे सोलत होती. आईला बघून तिनं बाक सरकवून जागा केली. मी खालीच उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, क्रमानं. शिसं, बत्ती, हातोडी. "असंच सापडलं" म्हणालो ते. तिचे हात वाटाणे सोलत होते, ते थांबले नाहीत.

"तुला वाचता येत नव्हतं?"

"नाही, मॅम."

"मग येतं का म्हणालास?"

"डेल शेजारी उभा होता."

"डेलला तरी कुठे धड येतं," ती म्हणाली. पण ती हसली नाही. तिनं शेंगांची कागदी पिशवी माझ्याकडे सरकवली. "काय बघितलंस ते काढ. मला काय आवडेल ते नको. बघितलंस तेवढंच."

मी खिशातली पेन्सिल काढली. एक उभी रेघ काढली. तिच्यापुढे एक तंबू. आणखी काढायला हात शिवशिवत होता, चार अक्षरं सहज जुळली असती. मी पेन्सिल खाली ठेवली. तिनं पिशवी नाकाशी नेली, उजेडाकडे धरली, तिरपी केली, किती तरी वेळ. मग तेवढा तुकडा फाडून घडी घातली आणि एप्रनच्या खिशात ठेवली.

"तेच आहे का?" मी विचारलं.

तिनं उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतर ती चार वर्षं जगली त्यातही नाही. एवढंच म्हणाली, "मागची बाजू मीही तुला सांगितली नाही. तेवढी चूक माझी. बाकीची तुझी."

मी खिशातून शिशाचा बत्तासा काढला. "मी परत भरून देतो. नाव सांगा, तसंच कोरतो. माझा हात चांगला आहे."

"तुझा हात चांगला आहे ते मी बघितलं," ती म्हणाली. "त्यानं ते आपल्या हातानं लिहिलं होतं. तू लिहिलंस तर ते तुझं अक्षर. मी ते काय करू?" मग बत्ताशाकडे हात करून म्हणाली, "शिसं मात्र भर. तेच. दुसरं मिसळू नकोस."

मागच्या अंगणात चार विटा मांडून जाळ केला. ओली वाळू एका टोपल्यात दाबली, तिनं आणून दिलेलं बक्कल त्यात पालथं बसवलं. तिच्या जुन्या लोखंडी पळीत शिसं ठेवलं. ते पातळ झालं, चांदीसारखं चमकलं, आणि मी हात न हलवता ओतलं. एक थेंब बाहेर गेला नाही. बघता बघता वर साय धरली, चमक गेली, राखाडी झालं. मला ते घासायचं होतं, कडा साफ करायच्या होत्या. तिनं काठी आडवी धरली. "राहू दे." थंड झाल्यावर मी ते फडक्यात धरून तिच्या हातात दिलं. तिनं मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ते माझ्याकडे परत दिलं.

"वाच," ती म्हणाली.

मी हातात घेतलं. आई बघत होती. गुळगुळीत राखाडी शिसं, त्यात एक बुडबुड्याची खळी, बस्स.

"काही लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"हेच तू मला मागेही सांगितलं होतंस," ती म्हणाली. "आता ते खरं आहे."

परतीचा रस्ता दोन मैलांचा. अर्ध्यात आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणे रे म्हातारी? इस्तव काऊन पेटवला?" ह्या वेळी मी तिला सांगितलं, शब्दाला शब्द, पहिल्यापासून. आई चालता चालता थांबली. पदरानं तोंड पुसलं.

"चिंच त मीच देल्ली होती," ती म्हणाली.